टी पेशींना विषाणूचा स्ट्रेन कळतो का?

प्रयोगवही (धागाकर्ता):

"नवा स्ट्रेन आला म्हणजे आधीची प्रतिकारशक्ती वाया गेली" हे वाक्य गेली काही वर्षं सतत कानावर पडतं. स्ट्रेन म्हणजे एकाच विषाणूची थोडीफार बदललेली आवृत्ती. अँटीबॉडीपुरतं त्यात बरंच तथ्य आहे. टी पेशींनाही (बाधित पेशी शोधणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) तेच सरसकट लावलं जातं, ते मला अजिबात पटत नाही. त्यातून जे विषाणू एकदा शिरले की अंगात ठाण मांडतात, म्हणजे एचआयव्ही, सायटोमेगॅलोव्हायरस (सीएमव्ही), एपस्टाइन-बार (ईबीव्ही) आणि बऱ्याच जणांत हिपॅटायटिस सी, त्यांच्या बाबतीत तर हा घोळ निस्तरायलाच हवा. जमेल तसं मांडतो. भर घाला, शंका विचारा.

अँटीबॉडी विषाणूच्या बाहेरच्या प्रथिनाला थेट चिकटते. त्या प्रथिनाचा आकार बदलला की पकड सुटते. टी पेशी अख्खा विषाणू कधी पाहतच नाही. आपली प्रत्येक पेशी आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे, स्वतःच्या आणि विषाणूच्याही, बारीक तुकडे करत असते. त्यातले आठ ते दहा अमिनो आम्लांचे (प्रथिनं ज्या घटकांची बनतात ते) काही तुकडे एचएलए नावाच्या प्रथिनाच्या खोबणीत बसतात आणि पेशीच्या पृष्ठभागावर येऊन थांबतात. मारक टी पेशी (सीडी८) तपासते ते एवढंच: खोबण आणि तिच्यातला तुकडा, दोन्ही एकत्र. विषाणूचं नाव-गाव तिला कळायला मार्ग नाही.

हे "दोन्ही एकत्र" प्रकरण १९७४ साली कॅनबेरात रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी दाखवलं. त्यांनी उंदरांमधला एलसीएमव्ही हा विषाणू वापरला होता. एका वंशाच्या उंदराच्या टी पेशी त्याच वंशाच्या बाधित पेशी मारत. दुसऱ्या वंशाच्या पेशींत अगदी तोच विषाणू असला तरी त्यांना हात लावत नसत, कारण तिथली खोबण वेगळी. १९९६ चं नोबेल त्यांना यासाठीच मिळालं. माणसांतही तेच आहे. प्रत्येकाकडे एचएलए-ए, एचएलए-बी, एचएलए-सी मिळून जास्तीत जास्त सहा तऱ्हांच्या खोबणी, आणि सगळी माणसं धरली तर हजारो तऱ्हा. म्हणून एकाच स्ट्रेनची बाधा झालेल्या दोघांच्या टी पेशी त्या विषाणूचे वेगवेगळे तुकडे बघत असतात.

आता तुकड्याकडे जरा जवळून बघू. नऊ मण्यांची माळ समजा, एक मणी म्हणजे एक अमिनो आम्ल. एचएलए-ए२ या खोबणीत दुसरा आणि नववा मणी खाली रुततो, त्यांच्या आधारावर माळ टिकते. मधले काही मणी वर तोंड करून असतात आणि टी पेशीचा रिसेप्टर (तिच्या पृष्ठभागावरचं ओळख पटवणारं प्रथिन) त्यांना चाचपतो. विषाणूत बदल झाला, तर तो कुठे झाला यावर सगळं अवलंबून. तुकड्यापासून दूर कुठेतरी झाला, तर टी पेशीच्या लेखी काहीच घडलं नाही, मग प्रयोगशाळा त्याला नवा स्ट्रेन म्हणो की आणखी काही. (अगदी लगत झाला तर तुकडा कापला जाण्यातच गडबड होऊ शकते, ते तूर्त बाजूला ठेवतो.) रुतणारा मणी बदलला, तर तुकडा बहुधा खोबणीत टिकत नाही आणि पेशीबाहेर दिसतच नाही. वर तोंड करून असलेला मणी बदलला, तर मात्र आधी काही सांगता येत नाही.

मला सगळ्यात बोलकं वाटणारं उदाहरण पुन्हा एलसीएमव्हीचंच. त्याचा आर्मस्ट्राँग नावाचा स्ट्रेन निरोगी प्रौढ उंदीर आठ-दहा दिवसांत झटकून टाकतो. जन्मापासून आर्मस्ट्राँगची बाधा असलेल्या उंदरांच्या प्लीहेतून रफी अहमद, मायकेल ओल्डस्टोन आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली क्लोन १३ नावाचा स्ट्रेन वेगळा केला. हा मोठ्या मात्रेत शिरेतून दिला तर महिनोन्महिने ठाण मांडतो. दोघांत फरक मोजक्याच अमिनो आम्लांचा. आणि त्या उंदरांच्या टी पेशी ज्या प्रमुख तुकड्यांना ओळखतात, ते दोन्हींत अक्षरशः तेच आहेत.

---

खडूफळा:

धागा आवडला. पण शेवटाला येऊन अडलो. तुकडे तेच, खोबण तीच, टी पेशी त्याच. मग क्लोन १३ टिकतोच कसा? ओळख पटली तर मारायला काय हरकत आहे?

---

प्रयोगवही:

खडूफळा, खरी गंमत तिथेच आहे. ओळखणं वेगळं आणि ओळखून काही करता येणं वेगळं.

क्लोन १३ मध्ये ग्लायकोप्रोटीन या विषाणूच्या बाहेरच्या प्रथिनातल्या २६० व्या जागी फिनाइलॲलनिनऐवजी ल्युसीन आलं. त्यामुळे अल्फा-डिस्ट्रोग्लायकन या आपल्या पेशींवरच्या रिसेप्टरला तो जास्त घट्ट चिकटतो आणि डेंड्रिटिक पेशींत, म्हणजे टी पेशींना जाग आणणाऱ्या पेशींतच, शिरकाव करतो. दुसरा बदल पॉलिमरेजमध्ये, म्हणजे विषाणूच्या प्रती काढणाऱ्या प्रथिनात, त्याने प्रती भराभर निघतात. परिणाम असा, की टी पेशींसमोर तोच तुकडा रात्रंदिवस, सगळीकडे, भरमसाट.

सतत चेतवल्या गेलेल्या टी पेशी हळूहळू निकामी होतात. टी पेशी जी संदेशवाहक प्रथिनं सोडतात त्यांतलं आधी इंटरल्युकिन-२ बनवणं थांबतं, मग टीएनएफ, इंटरफेरॉन-गॅमा सगळ्यात शेवटी. पृष्ठभागावर पीडी-१ हे टी पेशीला आवर घालणारं प्रथिन चढलेलं राहतं. सगळ्या टी पेशींची गतही सारखी नसते. एनपी३९६ या तुकड्याला ओळखणाऱ्या पेशी दीर्घ बाधेत जवळजवळ नाहीशाच होतात, तर जीपी३३ आणि जीपी२७६ ओळखणाऱ्या थकलेल्या अवस्थेत उरतात. २००६ साली याच उंदरांमध्ये पीडी-१ आणि त्याला चिकटणारं पीडी-एल१ यांची जोडी तोडणारी अँटीबॉडी दिल्यावर त्या थकलेल्या पेशी पुन्हा कामाला लागल्या आणि विषाणू कमी झाला. पीडी-१ चा शोध तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेतला, १९९२ चा. कर्करोगावरच्या उपचारांसाठी त्यांना जेम्स ॲलिसन यांच्याबरोबर २०१८ चं नोबेल मिळालं, पण टी पेशींचं थकणं समजलं त्यात या उंदरांच्या विषाणूचा वाटा फार मोठा आहे. ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही, म्हणून मुद्दाम लिहिली.

---

पाऊलवाट:

+१. वाचनखूण साठवली. येऊ द्या अजून.

---

तिसरा_डोळा:

लेख चांगला आहे, पण "नाव-गाव कळायला मार्ग नाही" यातून स्ट्रेनने फरकच पडत नाही असा अर्थ वाचक काढतील, आणि तो चुकीचा ठरेल.

हिपॅटायटिस सी घ्या. त्याचे आठ जीनोटाइप (जनुकीय प्रकार) आहेत आणि कुठलेही दोन घेतले तर न्यूक्लिओटाइडच्या, म्हणजे जनुकांतल्या अक्षरांच्या, पातळीवर साधारण ३० टक्के किंवा त्याहून अधिक फरक असतो. इतक्या अंतरावर "बदल नेमका कुठे" हा प्रश्न फारसा उरत नाही, बदल सगळीकडेच असतात. एनएस३ प्रथिनातला १०७३ व्या जागेपासून सुरू होणारा तुकडा ए२ असलेल्यांमध्ये खूप अभ्यासला गेला आहे. जीनोटाइप १ आणि ३ मध्ये तो एकसारखा नाही. एका जीनोटाइपसाठी घडलेल्या टी पेशींनी दुसऱ्याला दाद द्यावी हे गृहीत धरता येत नाही. औषधांनी आज ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात, पण बरा झालेला माणूस पुन्हा बाधित होऊ शकतो. दुसऱ्या जीनोटाइपने होतो, त्याच जीनोटाइपनेही होतो.

एकाच रुग्णाच्या रक्तातसुद्धा हा विषाणू एकजिनसी नसतो. जवळच्या नात्यातल्या असंख्य आवृत्त्यांचा जमाव असतो आणि टी पेशींचा दाब पडला की त्यातली न दिसणारी आवृत्ती वर येते.

---

प्रयोगवही:

तिसरा_डोळा, पूर्ण सहमत, आणि तुमचं उदाहरण माझ्या मुद्द्याला जोडूनच येतं. जीनोटाइपमध्ये ३० टक्के फरक आहे म्हणून टी पेशी फसत नाही. त्या फरकातला काही भाग नेमका तिच्या तुकड्यात आला म्हणून फसते. त्याच दोन जीनोटाइपमध्ये न बदललेला तुकडा सापडला, तर त्या तुकड्याची टी पेशी दोन्हींवर सारखीच चालते. "अमुक स्ट्रेनविरुद्ध टी पेशी आहेत का" यापेक्षा "कुठल्या तुकड्याविरुद्ध, कुठल्या खोबणीतून" हे विचारायला हवं, माझा आग्रह तेवढाच आहे.

---

खडूफळा:

"वर तोंड करून असलेला मणी बदलला तर आधी काही सांगता येत नाही" हे मोघम वाटलं. एखादा खरा तुकडा घेऊन दाखवता येईल का? वर्गात मुलांना सांगायचं तर डोळ्यासमोर काहीतरी हवं.

---

प्रयोगवही:

घ्या. एचआयव्हीच्या गॅग प्रथिनातला ७७ ते ८५ हा तुकडा, याला एसएल९ म्हणतात. क्रमाने मणी असे: सेरीन, ल्युसीन, टायरोसिन, अस्पॅरजिन, थ्रिओनिन, व्हॅलिन, ॲलनिन, थ्रिओनिन, ल्युसीन. दुसरा ल्युसीन आणि नववा ल्युसीन हे ए२ च्या खोबणीत रुतणारे. ते सहसा जागचे हलत नाहीत.

आता तिसरा मणी बघा. एचआयव्हीच्या अनेक स्ट्रेनमध्ये तिथे टायरोसिनऐवजी फिनाइलॲलनिन असतं. या दोन अमिनो आम्लांतला फरक किती? टायरोसिनच्या वलयावर एक हायड्रॉक्सिल गट आहे, फिनाइलॲलनिनवर नाही. म्हणजे एका ऑक्सिजन अणूचा फरक! आणि तरी काही टी पेशींना दोन्ही तुकडे सारखेच वाटतात, तर काहींना बदललेला तुकडा कमी जाणवतो. एकाच माणसात, एकाच तुकड्याविरुद्ध तयार झालेल्या वेगवेगळ्या टी पेशींत हा भेद दिसतो, कारण प्रत्येकीचा रिसेप्टर त्या तुकड्यावर जरा वेगळ्या कोनातून, वेगळ्या मण्यांवर भर देऊन बसतो. सहाव्या आणि आठव्या जागीही असे बदल नेहमी सापडतात.

म्हणून ज्याच्या अंगात एकाच तुकड्याविरुद्ध अनेक तऱ्हांचे रिसेप्टर आहेत, त्याला विषाणूचा एखादा बदल तितका भोवत नाही. एखादी चुकली तर दुसरी पकडते.

आणखी एक. १९९४ साली एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी या दोन्हींत असं दिसलं, की काही बदललेले तुकडे नुसते अदृश्य होत नाहीत, ते टी पेशीला अडवतातही. तेच तुकडे आसपास असले, की मूळ तुकडा समोर असूनही टी पेशी नीट काम करत नाही. वाचलं तेव्हा मी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं होतं, इतकं ते अनपेक्षित वाटलं.

---

दूरदर्शी:

पण टी पेशी मुळात एकापेक्षा जास्त तुकडे ओळखण्यासाठीच बनलेली आहे ना? साधा हिशेब आहे. वीस अमिनो आम्लं, नऊ जागा, म्हणजे शक्य तुकडे ५१,२०० कोटी. प्रत्येकासाठी वेगळी टी पेशी ठेवायची तर शरीरात जागाच पुरणार नाही. एका टी पेशीचा रिसेप्टर दहा लाखांहून जास्त वेगवेगळे तुकडे ओळखू शकतो हे प्रयोगाने दाखवलेलं आहे. मग स्ट्रेनमधले एक-दोन मण्यांचे फरक तिला जड का जावेत?

---

तिसरा_डोळा:

दूरदर्शी, दहा लाख ही संख्या मोठी वाटते, पण ५१,२०० कोटींपुढे ती नगण्य आहे. शिवाय ते दहा लाख तुकडे मूळ तुकड्याचे शेजारीच असतील असं नाही. दिसायला अगदी वेगळा तुकडा चालून जातो आणि एकाच मण्याने वेगळा असलेला चालत नाही.

उलट बाजूही आहे. आधीच्या स्ट्रेनसाठी तयार झालेल्या टी पेशी नव्या स्ट्रेनच्या जवळपासच्या तुकड्यावर अर्धवट चालतात, पटकन संख्येने वाढतात, आणि नव्या तुकड्यासाठी अधिक योग्य अशा टी पेशींना वावच मिळत नाही. पॉल क्लेनरमन आणि झिंकरनागेल यांनी १९९८ मध्ये एलसीएमव्हीतच हे दाखवलं. पहिली ओळख अशी पुढे आडवी येते.

---

शेवंती:

नमस्कार, मी विज्ञानाची नाही, त्यामुळे वरचं सगळं समजलं असं म्हणणार नाही. माझा प्रश्न घरगुती आहे. गरोदरपणात तपासणी झाली, त्यात सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह आलं. डॉक्टर म्हणाल्या जुनी बाधा आहे, घाबरू नका. पण जुनी बाधा असेल आणि टी पेशी तयार असतील, तर दुसरा स्ट्रेन बाहेरून येऊ शकतो का? बाळाला धोका असतो का?

---

प्रयोगवही:

शेवंतीताई, तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय. पहिल्यांदाच बाधा गरोदरपणात झाली, तर ती बाळापर्यंत पोचायचं प्रमाण साधारण ३० ते ४० टक्के धरतात. आधीपासून प्रतिकारशक्ती असलेल्या आईत ते एक टक्क्याच्या आसपास आहे. शून्य मात्र नाही, आणि त्याचं एक कारण तुम्ही विचारलंत तेच: सीएमव्हीचा दुसरा स्ट्रेन आधीच बाधित असलेल्या माणसालाही होऊ शकतो. म्हणून लहान मुलांची लाळ, लघवी यांच्याशी संबंध आला की हात धुवा, त्यांचा उष्टा चमचा वापरू नका, हा सल्ला पॉझिटिव्ह आयांनाही देतात. बाकी तुमच्या बाबतीत काय करायचं ते तुमच्या डॉक्टरच ठरवतील.

दुसरा स्ट्रेन शिरतो कसा, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत विलक्षण वाटतं. सीएमव्हीविरुद्ध टी पेशी कमी पडतात म्हणावं, तर तसं मुळीच नाही. निरोगी पॉझिटिव्ह प्रौढांत स्मृती टी पेशींपैकी (आधीच्या भेटीची आठवण ठेवणाऱ्या) सरासरी दहा टक्के एकट्या या विषाणूसाठी राखलेल्या असतात. २००५ च्या एका मोठ्या अभ्यासात विषाणूच्या तपासलेल्या २१३ संभाव्य प्रथिनांपैकी १५१ विरुद्ध कुणा ना कुणात टी पेशी सापडल्या. इतकी फौज कुठल्याच दुसऱ्या विषाणूसाठी दिसत नाही.

तरी तो शिरतो, कारण त्याने तुकडे बदलायच्या भानगडीत न पडता खोबणीवरच हल्ला केला आहे. त्याची यूएस२, यूएस३, यूएस६, यूएस११ ही जनुकं एचएलएला पेशीच्या आतच अडवतात किंवा नष्ट करतात, यूएस६ तर तुकडे आत नेणारी वाटच बंद करतं. ऱ्हीसस माकडांवर २०१० साली झालेल्या प्रयोगात ही जनुकं काढून टाकलेला माकडांचा सीएमव्ही आधी बाधित असलेल्या माकडांत रुजू शकला नाही. त्यांच्या सीडी८ पेशी काढून टाकल्यावर मात्र रुजला. म्हणजे टी पेशी दुसऱ्या स्ट्रेनला ओळखतात, थोपवूही शकतात. विषाणू त्यांना बघूच देत नाही.

---

शेवंती:

मनापासून आभार. चमच्याचं कुणी सांगितलं नव्हतं. घरात तीन वर्षांचा भाचा आहे, आजपासून लक्ष ठेवेन.

---

पाऊलवाट:

खोबणच गायब केली तर एनके (नॅचरल किलर) पेशी, म्हणजे दुसऱ्या एका जातीच्या मारक पेशी, संशय घेणार नाहीत का? एचएलए नसलेली पेशी दिसली की त्या मारतात असं वाचलंय.

---

तिसरा_डोळा:

बरोबर वाचलंत. म्हणून सीएमव्हीने त्याचीही तजवीज केली आहे. यूएल४० या प्रथिनाचा एक छोटा तुकडा एचएलए-ई या खोबणीत बसतो आणि एनके पेशींना सगळं ठीक असल्याचा संकेत देतो. इथे स्ट्रेनचा थेट संबंध येतो. हा तुकडा वेगवेगळ्या स्ट्रेनमध्ये थोडा वेगळा असतो, आणि २०१८ मध्ये असं दिसलं की एनकेजी२सी हा रिसेप्टर असलेल्या एनके पेशी तो फरक ओळखून कमी-जास्त प्रतिसाद देतात. ही बारकाईची नजर टी पेशींपुरतीच आहे असं मानायचं कारण नाही.

---

खडूफळा:

तुम्ही मघाशी लिहिलंत की रुतणारा मणी बदलला तर तुकडा दिसतच नाही. मग प्रत्येक विषाणू तोच मणी बदलून मोकळा का होत नाही?

---

तिसरा_डोळा:

कारण तो मणी प्रथिनाचाही भाग असतो. प्रथिनाचं स्वतःचं काम असतं, ते बिघडलं तर विषाणूचंच नुकसान.

एचएलए-बी२७ असलेल्यांमध्ये एचआयव्ही बऱ्याचदा दीर्घकाळ काबूत राहतो. त्यांच्या टी पेशी गॅगमधल्या २६३ ते २७२ या दहा अमिनो आम्लांच्या तुकड्यावर रोखलेल्या असतात. त्यातलं दुसरं आर्जिनिन बी२७ च्या खोबणीत रुततं. २६४ व्या जागचं हे आर्जिनिन जाऊन लायसिन आलं, की सुटका. पण हा भाग विषाणूच्या कॅप्सिडचा (आतल्या कवचाचा) आहे आणि नुसता हा बदल केला तर विषाणू लुळा पडतो. म्हणून आधी १७३ व्या जागी, म्हणजे बरंच लांब, भरपाईचा दुसरा बदल लागतो. दोन्ही जुळून यायला बहुधा अनेक वर्षं जातात. ते जुळले, की इतकी वर्षं आटोक्यात असलेला विषाणू वाढू लागतो.

बी५७ मध्ये आणखी एक गोष्ट दिसली. तिथे २४२ व्या जागी थ्रिओनिन जाऊन अस्पॅरजिन येतं. हा बदललेला विषाणू बी५७ नसलेल्या माणसात गेला, की तिथे दाब नसल्यामुळे काही काळाने परत मूळ रूपावर येतो. बी५७ चंच आणखी एक उदाहरण धागाकर्त्यांनी बाजूला ठेवलेल्या मुद्द्याचं आहे: गॅगमधल्या १४६ व्या जागी ॲलनिनऐवजी प्रोलीन आलं, की ते पडतं तुकड्याच्या बाहेर, अगदी लगत, पण त्यामुळे तुकडा नीट कापलाच जात नाही.

---

दूरदर्शी:

मग एखाद्या लोकसमूहात एकच खोबण खूप जणांत असेल, तर तिथला विषाणूच तसा घडत जाईल?

---

प्रयोगवही:

एचआयव्हीत याचे भक्कम पुरावे आहेत. ईबीव्हीबद्दल १९९३ साली असाच दावा झाला होता. पापुआ न्यू गिनीत एचएलए-ए११ फार जणांत आहे, आणि तिथल्या ईबीव्हीत ए११ मधून दिसणाऱ्या एका प्रमुख तुकड्याचा शेवटचा, रुतणारा लायसिन बदललेला आढळला. चित्र अगदी चपखल बसत होतं. पुढे इतर संशोधकांनी तिथल्या ईबीव्हीचे आणखी तुकडे तपासले आणि हा फरक टी पेशींच्या दाबामुळेच आला का, की तिथला स्ट्रेन मुळातच वेगळा होता, अशी रास्त शंका घेतली. मला ती शंका पटते. ईबीव्ही हा डीएनए विषाणू, सावकाश बदलतो, आणि बहुतेक काळ बी पेशींत (अँटीबॉडी बनवणाऱ्या रक्तपेशी) गप्प पडून राहतो. त्याला एचआयव्हीच्या मापाने मोजणं धोक्याचं.

---

दूरदर्शी:

पण मग लसीचं काय? जे तुकडे बदलूच शकत नाहीत तेवढेच निवडा आणि त्यांवर टी पेशी तयार करा. सोपं वाटतं.

---

प्रयोगवही:

कल्पना योग्य आहे, म्हणूनच तिच्यावर इतकी वर्षं काम झालं. लॉस ॲलमॉसच्या बेट कॉर्बर यांनी जगभरच्या एचआयव्ही स्ट्रेनमधले तुकडे जास्तीत जास्त संख्येने सामावतील अशी संगणकाने जुळवलेली "मोझेक" प्रथिनं तयार केली. त्यांवर आधारलेल्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या. इम्बोकोडो २०२१ मध्ये आणि मोझेको जानेवारी २०२३ मध्ये थांबली. दोन्हींत संरक्षण दिसलं नाही. हिपॅटायटिस सीच्या टी पेशी लसीचा निकालही २०२१ मध्ये आला. टी पेशी तयार झाल्या, विषाणूची सुरुवातीची पातळी कमी राहिली, पण दीर्घ बाधा टळली नाही.

हे वाचून वाईट वाटतं, पण त्यावरून टी पेशींची लस व्यर्थ असं मी म्हणणार नाही. लुईस पिकर यांच्या ओरेगनमधल्या गटाने माकडांचा सीएमव्हीच वाहक म्हणून वापरला, तेव्हा एचआयव्हीचा माकडांतला भाऊबंद एसआयव्ही जवळपास निम्म्या माकडांत नियंत्रणात आला, आणि पुढे त्यांच्यातून तो पार नाहीसा झाला. तिथल्या सीडी८ पेशी नेहमीच्या खोबणी सोडून एमएचसी-ई (माणसातल्या एचएलए-ई सारखी खोबण) आणि एरवी सीडी८ पेशी न वापरणाऱ्या वर्ग दोनच्या खोबणींतून तुकडे ओळखत होत्या. एमएचसी-ई माणसामाणसांत जवळजवळ सारखी असते, म्हणून या वाटेवर माझी फार आशा आहे.

---

रानपाखरू:

माझ्या भावाचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालंय. ईबीव्ही वाढतोय म्हणून डॉक्टर तिसऱ्याच कुणाच्या तरी टी पेशी द्यायचा विचार करतायत. त्या दात्याला वेगळा ईबीव्ही झाला असेल तर त्याच्या टी पेशी भावाच्या ईबीव्हीला ओळखतील का? काल रात्रीपासून हाच विचार डोक्यात आहे.

---

तिसरा_डोळा:

रानपाखरू, तुमच्या भावाला लवकर आराम पडो.

या उपचारात स्ट्रेनपेक्षा खोबण आधी बघतात. दात्याच्या टी पेशी ज्या एचएलएमधून ईबीव्हीचे तुकडे ओळखतात, ते एचएलए रुग्णाच्या बाधित पेशींवर असायला हवं. ते जुळलं नाही, तर विषाणू तंतोतंत तोच असूनही त्या पेशी काही करणार नाहीत. ईबीव्हीचे टाइप १ आणि टाइप २ असे दोन मुख्य प्रकार आहेत आणि त्यांच्यातला फरक प्रामुख्याने ईबीएनए२ आणि ईबीएनए३ गटातल्या जनुकांत आहे. इतर बरेच तुकडे दोन्हींत समान असतात, आणि दात्याच्या पेशी सहसा एका नव्हे तर अनेक तुकड्यांविरुद्ध असतात. अशा तयार पेशींच्या एका उपचाराला युरोपात डिसेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली आहे. डॉक्टरांना एवढंच विचारा: निवडलेल्या पेशी कुठल्या एचएलएतून काम करतात, आणि ते एचएलए भावाच्या बाधित पेशींवर आहे का. प्रत्यारोपणानंतर त्या पेशी भावाच्या मूळच्या आहेत की पहिल्या दात्याकडून आलेल्या, हेही त्यात बघावं लागतं.

---

रानपाखरू:

नीट लिहून घेतलं. उद्या भेट आहे, विचारते. खूप आभार.

---

खडूफळा:

शेवटची शंका. एखाद्याच्या टी पेशी ओळखतात की नाही हे चाचणीत बघतात, तेव्हा त्यात कुठल्या स्ट्रेनचे तुकडे वापरतात?

---

प्रयोगवही:

फार मोलाचा प्रश्न. एलिस्पॉट असो वा टेट्रामर (टी पेशी मोजायच्या दोन चाचण्या), बहुतेक वेळा तुकडे आधीच ठरलेल्या संदर्भ क्रमावरून किंवा अनेक स्ट्रेनच्या सरासरी क्रमावरून बनवलेले असतात. रुग्णाच्या अंगातला विषाणू त्याहून वेगळा असू शकतो. एचआयव्हीमध्ये रुग्णाच्या स्वतःच्या विषाणूवरून तुकडे बनवून तपासलं, तेव्हा संदर्भ तुकड्यांनी न दिसलेले काही प्रतिसाद सापडले, खास करून जास्त बदलणाऱ्या प्रथिनांविरुद्धचे. उलटही घडतं: संदर्भ तुकड्याला टी पेशी जोरात प्रतिसाद देतात, पण रुग्णाच्या विषाणूत तो तुकडा केव्हाच बदलून गेलेला असतो आणि त्या टी पेशी जुन्या भेटीच्या खुणा म्हणून उरलेल्या असतात. त्यामुळे अहवालात आकडा मोठा आला की लहान, त्याआधी कुठल्या क्रमाचे तुकडे वापरले ते विचारून घ्यावं. बहुतेक अहवालांत ते खाली बारीक अक्षरात असतं.